बेस्टच्या वीजदरांतील बदल नेमके कुठे ठरतात आणि ग्राहकांनी हरकत कशावर घ्यावी?

परळकर (प्रश्न)

नमस्कार. मुंबईत वीज आणि बससेवा पुरवणाऱ्या बेस्ट उपक्रमाच्या वीजदरांसंबंधी एक प्रश्न येथील जाणकारांसमोर मांडतो. आमच्या परिसरातील काही गृहनिर्माण संस्था, जुन्या चाळी आणि रस्त्यालगतचे गाळेधारक यांनी एकत्र येऊन असे ठरवले आहे की, पुढच्या दरनिश्चितीच्या वेळी ‘दरवाढ रद्द करा’ असे चार ओळींचे पत्र पाठवून मोकळे होण्याऐवजी, आकडे वाचून आणि समजून घेऊन रीतसर सूचना व हरकती दाखल कराव्यात. मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आमच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की बेस्ट ७ ऑगस्ट १९४७ पासून महापालिकेच्या मालकीची आहे, तिचा अर्थसंकल्प महापालिकेपुढे जातो, त्यामुळे वीजदराचा निर्णयही शेवटी महापालिकाच घेत असली पाहिजे, आणि म्हणून आपण नगरसेवकांकडे आणि बेस्ट समितीकडे जावे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की वीजदर राज्याचा विद्युत नियामक आयोग ठरवतो, महापालिकेचा त्यात काडीचाही संबंध नाही, आणि नगरसेवकांना निवेदन देणे म्हणजे निव्वळ छायाचित्र काढून घेण्याचा कार्यक्रम आहे. मला स्वतःला वाटते की दोन्ही बाजूंत काही तथ्य असावे. परंतु ते कोणते, हे मला नेमकेपणाने सांगता आले नाही.

त्याशिवाय आणखी काही शंका आहेत. वीजदराच्या याचिकेत शेकडो पाने आणि तक्ते असतात. त्यांपैकी सामान्य ग्राहकाने आपली शक्ती कोणत्या पानांवर खर्च करावी? बसचा तोटा विजेच्या बिलातून वसूल केला जातो असे आमचे ज्येष्ठ सभासद ठामपणे सांगतात. ते आजही खरे आहे का? आणि ३०० युनिटांची रेषा ओलांडली की सगळे बिल वरच्या दराने लागते, या भीतीपोटी महिनाअखेरीस पंखेसुद्धा बंद ठेवणारी कुटुंबे आमच्या चाळीत आहेत. त्यांना मी काय सांगावे? उत्तरे सविस्तर असली तरी चालतील, किंबहुना सविस्तरच हवी आहेत.

जमाखर्च (उत्तर)

मी वीज वितरणाच्या क्षेत्रात हिशेबाच्या बाजूने बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

प्रथम अधिकाराचा प्रश्न. विद्युत अधिनियम, २००३ हा १० जून २००३ रोजी लागू झाला. तेव्हापासून ग्राहकांना लावायचा वीजदर निश्चित करण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. बेस्टची मालकी महापालिकेकडे आहे म्हणून यात काही फरक पडत नाही. अधिनियमाच्या कलम ६४ नुसार परवानाधारकाने, म्हणजे वीज वितरण करणाऱ्या संस्थेने, अर्ज (यालाच याचिका म्हणतात) करायचा, त्याचा गोषवारा जाहीर करायचा, आणि आयोगाने जनतेच्या सूचना व हरकती विचारात घेऊन अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा, अशी ही रीत आहे. त्यामुळे महापालिका सभागृहाने उद्या एकमताने ठराव करून वीज स्वस्त केली, तरी त्या ठरावाने बिलात एक पैसाही कमी होणार नाही.

तरीही आपल्या पहिल्या गटाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. आयोगापुढे जी याचिका येते ती आधी कुठेतरी तयार होते. कोणत्या उपकेंद्राचा विस्तार करायचा, किती किलोमीटर जुनी भूमिगत केबल बदलायची, किती वीज कोणाकडून किती वर्षांच्या कराराने घ्यायची, वाहतूक विभागाला महापालिकेने किती अनुदान द्यायचे, हे निर्णय उपक्रमाच्या आणि महापालिकेच्या पातळीवर होतात. आयोगाकडे हे सारे आकडे बऱ्याच अंशी होऊन गेलेल्या किंवा बांधून घेतलेल्या खर्चाच्या रूपात पोचतात. आयोग त्यांची छाननी करतो, काही खर्च अमान्य करतो, मोठ्या भांडवली योजनांना आधी तत्त्वतः मान्यता घ्यायला लावतो. परंतु एकदा पंचवीस वर्षांचा खरेदी करार झाला आणि आयोगाने तो मंजूर केला, की पुढच्या प्रत्येक जनसुनावणीत त्या करारावर बोलणे म्हणजे निकाल लागल्यानंतर प्रचारसभा घेण्यासारखे असते. दराचे नियोजन खऱ्या अर्थाने दरपत्रकाच्या दोन-तीन वर्षे आधी होते. नगरसेवकांकडे जायचे असेल तर ते तेव्हा, आणि त्या खर्चाबद्दल. दर जाहीर झाल्यावर नव्हे.

आता कोणती पाने वाचावीत. याचिकेचा गाभा म्हणजे ‘एकूण महसुली गरज’ हा तक्ता. वीजखरेदीचा खर्च, राज्यांतर्गत पारेषणाचे (उच्च दाबाच्या वाहिन्यांतून वीज वाहून आणण्याचे) शुल्क, यंत्रणेच्या देखभालीचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च, घसारा, कर्जावरील व्याज, भांडवलावरील परतावा, आणि मागील वर्षांची तूट किंवा शिल्लक यांची बेरीज म्हणजे ही गरज. ती अपेक्षित विक्रीने भागली की सरासरी पुरवठा खर्च मिळतो. यात सर्वांत मोठा घास वीजखरेदीचा असतो. बेस्टची स्वतःची वीजनिर्मिती नाही. तिची भिस्त प्रामुख्याने टाटा पॉवरच्या तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे येथील औष्णिक केंद्रावर आणि खोपोली, भिवपुरी व भिरा येथील जलविद्युत केंद्रांवर राहिली आहे. ट्रॉम्बेचा कोळसा आयातीचा असल्यामुळे इंडोनेशियातील भाव आणि रुपयाचा विनिमय दर या दोन्हींचा परिणाम लालबागच्या बिलावर होतो. बिलातील ‘इंधन समायोजन आकार’ ही जी ओळ आहे ती याचीच खूण आहे. कलम ६२ नुसार एका आर्थिक वर्षात दर साधारणतः एकापेक्षा जास्त वेळा बदलता येत नाही, पण इंधनाचा हा फरक त्या बंधनाबाहेर आहे; म्हणून दर ‘तोच’ असताना बिल वाढलेले दिसते.

पारेषण शुल्काकडे फार कमी लोक पाहतात, वास्तविक ते पाहण्यासारखे आहे. राज्यातील पारेषण यंत्रणेचा एकूण खर्च वितरण कंपन्यांमध्ये त्यांच्या कमाल मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित होऊन लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या, हे आपल्या स्मरणात असेल. शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत ही गोष्ट त्या दिवशी सर्वांना दिसली, आणि त्यानंतर त्या वाढवण्याच्या कामांना वेग आला. ही कामे आवश्यकच होती, परंतु त्यांचा खर्च आज ना उद्या आपल्या वाट्याला येणार आहे. म्हणून ज्या तासाला मागणी शिखरावर असते त्या तासाची मागणी कमी करण्यासाठी उपक्रमाने काय केले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर बहुधा दोन परिच्छेदांत गुंडाळलेले असते.

३०० युनिटांच्या भीतीबद्दल आपण चाळीत स्पष्ट सांगावे. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे असून प्रत्येक टप्प्यातील युनिटांना त्या त्या टप्प्याचाच दर लागतो. ३२० युनिटे वापरली, तर पहिली १०० पहिल्या दराने, पुढची २०० दुसऱ्या दराने आणि केवळ शेवटची २० तिसऱ्या दराने आकारली जातात. मुंबईतील दरपत्रकांत स्थिर आकार, म्हणजे युनिटांच्या हिशेबाबाहेर दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, टप्प्यागणिक वेगळा ठेवण्याची पद्धत राहिली असल्यामुळे तेथे किंचित उडी बसू शकते, पण पंखा बंद करून घामाघूम होण्याइतकी ती रक्कम नसते.

बसच्या तोट्याविषयी उद्या सविस्तर लिहितो. तो विषय दोन ओळींत संपणारा नाही.

डेपोशेजारी (उत्तर)

वरील उत्तर माहितीपूर्ण आहे. बसच्या तोट्याबद्दल मात्र ते येण्यापूर्वीच माझे मत नोंदवतो, कारण या विषयावर चर्चा सुरू झाली की वीजग्राहक हा नेहमी लुबाडला गेलेला आणि बसप्रवासी हा फुकट्या, असे चित्र रंगवले जाते.

बेस्टमध्ये वीज आणि वाहतूक हे दोन्ही विभाग एका छताखाली आले ते योगायोगाने नव्हे. १९०५ साली जी कंपनी उभी राहिली तिने शहराला वीजही पुरवली आणि ट्रामही चालवली. बस १९२६ साली आली. विजेतून मिळणाऱ्या शिलकीवर सार्वजनिक वाहतूक स्वस्त ठेवता येते, हे या शहराने कित्येक दशके करून दाखवले. विद्युत अधिनियमाच्या कलम ५१ मध्ये वितरण परवानाधारकांच्या इतर व्यवसायांवर जी बंधने घातली आहेत, त्यांतून आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक प्राधिकरणांना वगळण्यात आले आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही बेस्टसारख्या संस्थेचे वेगळेपण मान्य होते.

नरिमन पॉइंट आणि फोर्ट येथील कार्यालयांमध्ये दिवसभर वातानुकूलन चालू असते, आणि तेथे काम करणारा कर्मचारी, शिपाई, सफाई कामगार स्थानकावर उतरून बेस्टच्या बसनेच कार्यालय गाठतो. त्या कार्यालयाच्या वीजबिलातून बसला थोडा हातभार लागला, तर त्यात अन्याय कोणता? तो हातभार थांबल्यावर काय झाले तेही पाहावे. स्वमालकीच्या गाड्यांचा ताफा आटत गेला, कंत्राटी गाड्या वाढल्या, आणि जे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणले होते ते ९ मे २०२५ पासून साध्या गाडीला १० आणि वातानुकूलित गाडीला १२ रुपये झाले. वीज काही पैशांनी स्वस्त झाली म्हणून आनंद मानणाऱ्या कुटुंबातलेच दोघे-तिघे रोज वाढीव तिकीट काढून प्रवास करतात. माझी विनंती अशी की हरकतीच्या मसुद्यात बसविरोधी सूर लावू नये.

गिरगावची अन्नपूर्णा (उत्तर)

माझा मुद्दा छोटा आहे, पण तो कोणी मांडत नाही म्हणून लिहिते. मी घरून जेवणाचे डबे देते. आमच्या चाळीत एक ताई शिवणकाम करतात, एक निवृत्त शिक्षक शिकवण्या घेतात. घराच्या एका भागातून असा छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दरच लागतो, परंतु महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षातील एकूण वापर ३,६०० युनिटांपर्यंत असला पाहिजे, अशी अट दरपत्रकात आहे. अट चांगलीच आहे, तिच्यामुळे आमच्यासारख्यांना व्यापारी दर लागत नाही.

अडचण एप्रिल-मेमध्ये येते. त्या दिवसांत फ्रीज अखंड चालतो, मुले सुटीत घरी असतात, रात्रीही पंख्याशिवाय डोळा लागत नाही. वर्षाचा हिशेब ३,६०० च्या बराच खाली असतो, पण मे महिन्याचे बिल ३०० च्या वर जाते. अशा वेळी आपण कोणत्या गटात मोडतो या विचाराने जीव धास्तावतो. जानेवारीत मी २०० युनिटेही वापरत नाही, त्याचे श्रेय कोणी देत नाही. म्हणून माझी सूचना अशी की मासिक अट काढून केवळ वार्षिक मर्यादा ठेवावी, किंवा निदान उन्हाळ्याच्या महिन्यांत मासिक मर्यादा शिथिल करावी. यात उपक्रमाचे फारसे नुकसान होईल असे मला वाटत नाही. परळकरांनी हा मुद्दा मसुद्यात घेतला तर आमच्या चाळीतील सह्या मी गोळा करून देईन.

जमाखर्च (उत्तर)

प्रथम डेपोशेजारी यांच्या मुद्द्याकडे वळतो. त्यांनी मांडलेला इतिहास बरोबर आहे. अनेक वर्षे वाहतूक विभागाच्या तुटीची भरपाई विजेच्या उत्पन्नातून होत असे, पुढे ती ग्राहकांच्या बिलातून वेगळी दाखवून वसूल करण्यात आली, आणि त्यानंतर आयोगाने ती वसुली थांबवली. त्यामुळे परळकरांच्या ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे भूतकाळापुरते खरे आहे. आजच्या दरपत्रकात तसा आकार नाही.

बस स्वस्त असावी याबद्दल माझे दुमत नाही. तिचा खर्च कोणी उचलावा याबद्दल आहे. बेस्टची वीज कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत, म्हणजे केवळ शहर भागात जाते. बेस्टची बस मात्र बोरिवली, मुलुंड, मानखुर्दपर्यंत आणि मुंबईची हद्द ओलांडूनही धावते. उपनगरांत वीज अदानी इलेक्ट्रिसिटी, टाटा पॉवर आणि भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरण पुरवते, आणि त्यांच्या ग्राहकांच्या बिलात बसचा एक पैसाही कधी नव्हता. म्हणजे धारावीतल्या खोलीत ८० युनिटे वापरणाऱ्याने बसचा भार उचलायचा आणि लोखंडवाला संकुलात ८०० युनिटे वापरणाऱ्याने उचलायचा नाही, अशी ती व्यवस्था होती. नरिमन पॉइंटचे उदाहरण देताना ही दुसरी बाजू सोयीस्करपणे झाकली जाते. महापालिकेची तिजोरी संपूर्ण मुंबईच्या मालमत्ता करावर आणि इतर उत्पन्नावर भरते. म्हणून बसचे अनुदान तेथून यावे हेच न्याय्य आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेने बेस्टसाठी १,००० कोटी रुपयांची तरतूद केली होती. ती अपुरी वाटत असेल तर नगरसेवकांवर दबाव आणण्याची ती जागा आहे, आणि परळकरांच्या पहिल्या गटाने आपली शक्ती तेथे लावावी.

आणखी एक व्यावहारिक धोका आहे. टाटा पॉवरचा किरकोळ ग्राहकांना वीज देण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली मान्य केला. दर कृत्रिमरीत्या वाढवले तर मोठी कार्यालये दुसरा पुरवठादार शोधू लागतात किंवा स्वतःची सौर वीज आणतात, आणि केबलींचा, उपकेंद्रांचा ठरलेला खर्च मागे उरलेल्या लहान ग्राहकांच्या डोक्यावर पडतो. उपनगरांत २००८ नंतर हे घडलेले आपण पाहिले आहे.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, आणि तो म्हणजे दराची रचना. ‘सरासरी दरवाढ इतके टक्के’ हा जो आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो, तो घरगुती ग्राहकासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. तेवढाच एकूण महसूल वेगवेगळ्या प्रकारे गोळा करता येतो आणि प्रत्येक प्रकारात जिंकणारे व हरणारे वेगळे असतात. उपक्रमाचा युक्तिवाद असा असतो की त्याचा बराच खर्च स्थिर आहे, ग्राहकाने वीज वापरली नाही तरी केबल सांभाळावीच लागते, म्हणून स्थिर आकार वाढवावा. हिशेबनीस म्हणून मला हा युक्तिवाद कळतो. परंतु समजा, स्थिर आकार महिन्याला ५० रुपयांनी वाढवला, तर ६० युनिटे वापरणाऱ्या चाळीतल्या कुटुंबाला तो युनिटमागे सुमारे ८३ पैसे पडतो आणि ६०० युनिटे वापरणाऱ्याला सुमारे ८ पैसे. सरासरीत ही तफावत अदृश्य होते. शिवाय स्थिर आकार जितका जास्त, तितका वीज वाचवणाऱ्याचा फायदा कमी, हेही आहेच.

म्हणून हरकतीत ठामपणे मागावे की, ५०, १००, २००, ३०० आणि ५०० युनिटांच्या मासिक वापराचे आजचे संपूर्ण बिल आणि प्रस्तावित संपूर्ण बिल शेजारीशेजारी दाखवणारा तक्ता जाहीर सूचनेतच छापावा. संपूर्ण बिल म्हणजे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वितरणाच्या जाळ्यातून वीज घरापर्यंत पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार आणि त्यावरचे १६ टक्के वीज शुल्क धरून. केवळ वीज आकाराची तुलना करून ‘दर घटले’ असे म्हणता येते, आणि त्याच वेळी वहन आकार वाढलेला असू शकतो.

अन्नपूर्णाताईंचा मुद्दा मला अतिशय योग्य वाटतो. अशा हरकती आयोगाला उपयोगी पडतात, कारण त्यात मागणी नेमकी असते आणि तिचा महसुलावरचा परिणाम मोजता येतो. त्यांनी मागील वर्षाच्या बारा बिलांतील युनिटे एका तक्त्यात लिहून जोडावीत. त्या एका कागदाने पानभर मजकुराचे काम होईल.

परळकर (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे आभार. अन्नपूर्णाताईंचा मुद्दा आणि बिलांचा तुलनात्मक तक्ता, दोन्ही मसुद्यात घेतले आहेत. बसच्या अनुदानाचे निवेदन वेगळे करून ते महापालिकेकडे पाठवू, म्हणजे डेपोशेजारी यांनाही त्यावर सही करता येईल अशी आशा आहे.

एक प्रश्न राहिला. स्मार्ट मीटर बसल्यावर दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लागणार असे ऐकतो. आमच्या संस्थांमध्ये पाण्याचे पंप आणि उद्वाहने सामायिक मीटरवर आहेत. त्यांना यातून लाभ होईल की तोटा?

जमाखर्च (उत्तर)

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार दिवसातील सौर तासांत दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा, तर शिखर मागणीच्या तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना तो किमान १.२० पट आणि इतरांना १.१० पट असावा. १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही, आणि शेतीपंप वगळता इतरांसाठी १ एप्रिल २०२५ ही तारीख नियमात दिली आहे. प्रत्यक्षात हा दर स्मार्ट मीटर बसल्यावरच लागू होऊ शकतो, आणि त्याचे तास व सवलत आयोगाच्या आदेशात पाहावी.

आपल्या पंपांना याचा लाभ सहज होईल. गच्चीवरील टाकी सकाळी घाईघाईने भरण्याऐवजी दुपारी भरण्याची सवय लावली की झाले. महापालिकेच्या पाण्याची वेळ तळटाकीपुरती असते, पंप कधी चालवायचा हे आपल्या हातात आहे. टायमर बसवून घ्यावा, पहारेकऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये. उद्वाहनाच्या वापराची वेळ बदलता येत नाही, तिथे संध्याकाळी थोडे जास्त लागेल. सामायिक मीटरला घरगुती गटाचाच दर लागतो, तेव्हा गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचाही विचार करावा. पीएम सूर्यघर योजनेत गृहसंस्थांच्या सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये साहाय्य आहे. मात्र दुपारची वीज स्वस्त झाली की दुपारीच तयार होणाऱ्या सौर विजेचे मोलही कमी होते, त्यामुळे परतफेडीचा हिशेब जुन्या दराने करू नये.

माझा आक्षेप घरांबाबत आहे. शहर भागात कार्यालये जास्त असल्यामुळे येथील मागणी दुपारी चढते, आणि त्या मागणीत मोठा वाटा वातानुकूलनाचा असतो. उलट ज्या घरात दोघेही नोकरीला जातात तेथे वीज वापरली जाते ती संध्याकाळी. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, दिवे, दूरचित्रवाणी, यांतले काहीही दुपारी हलवता येत नाही. म्हणून घरगुती ग्राहकांना, निदान पहिल्या दोन टप्प्यांतील ग्राहकांना, सौर तासांतील सवलत द्यावी पण संध्याकाळचा अधिभार लावू नये, आणि त्यासाठी राज्य शासनाला अनुदान द्यायचे असेल तर कलम ६५ नुसार ते आगाऊ भरावे, अशी मागणी मसुद्यात घालण्यासारखी आहे.

२०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांच्या नियंत्रण कालावधीत (ज्यासाठी दर एकत्रित ठरवले जातात) मध्यावधी आढावा होणार आहे, तेव्हा तयारी त्या दृष्टीने ठेवावी. याचिका दाखल झाल्यावर जाहीर सूचना मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत येते, संपूर्ण याचिका बेस्टच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते, आणि हरकती देण्याची अखेरची तारीख त्या सूचनेतच असते. हरकत पाठवताना प्रत्येक मुद्द्यासमोर याचिकेतील पान आणि तक्त्याचा क्रमांक घालावा, म्हणजे उपक्रमाला ‘हा मुद्दा या याचिकेच्या कक्षेबाहेरचा आहे’ असे ठरीव उत्तर देता येत नाही. जनसुनावणीत बोलायचे असेल तर तसे हरकतीतच लिहावे लागते. आपल्या समितीतर्फे तिघांनी बोलायचे ठरवले, तर तिघांचे विषय वेगळे असू द्यावेत आणि अन्नपूर्णाताईंना शक्यतो सुरुवातीलाच बोलू द्यावे.